भांड्याच्या नावाचा पदार्थ

हॉटेलांच्या यादीत 'हंडी' आणि 'कढई' हे शब्द वाचून आता कुणी फसत नाही. ताटात येणाऱ्या पदार्थाने खरोखरच हंडी पाहिली असेल, अशी अपेक्षाही कुणी ठेवत नाही. ती नावे रश्श्याच्या दाटपणाची आणि दराची खूण होऊन बसली आहेत. तुर्की भाषेतल्या 'ग्युवेच' या शब्दाचे अजून तसे झालेले नाही. ग्युवेच म्हणजे मातीचे, रुंद तोंडाचे, जाड बुडाचे भांडे. आणि ग्युवेच म्हणजे त्या भांड्यात मंद धगीवर तासन्‌तास ठेवलेले मांस, वांगी, मिरच्या, कांदे आणि टोमॅटो. भांडे बदलले तर पदार्थाला दुसरे नाव शोधावे, असे कडवी मंडळी मानतात. उस्मानी साम्राज्याबरोबर हा शब्द बाल्कन प्रदेशात पुष्कळ हिंडला. सर्बियात त्याच्यात तांदूळ शिरला, ग्रीसमध्ये तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा पास्ता शिरला, आणि रुमानियात तर 'गिवेच' म्हणजे भाज्यांचा रस्साही आणि फुलझाडाची कुंडीही. पदार्थ पार पालटला तरी शब्दाने मातीचा हात सोडला नाही, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

हा पदार्थ पुण्यातल्या आमच्या घरी करण्याचा उद्योग आम्ही गेली काही वर्षे चालवला आहे. 'आम्ही' म्हणजे घरातली दोन माणसे. त्यांपैकी एक साहित्य शिकवते, दुसरे भाषांतरावर पोट भरते. त्यामुळे 'मुळाबरहुकूम' या शब्दावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले आहेत तेवढे मिठावरून झालेले नाहीत. हे सारे केवळ जिभेच्या चोचल्यांसाठी असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. कारण घडले ते असे.

२००९ ते २०१२ अशी तीन वर्षे आम्ही बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात राहत होतो. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ रोजी कामगारभरतीचा करार झाला, आणि 'पाहुणे कामगार' अशा विचित्र नावाखाली लाखो माणसे त्या देशात गेली. पाहुणे परतले नाहीत. त्यांची नातवंडे आता तिथल्या विद्यापीठांत शिकतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई त्या पहिल्या लाटेतल्या. सगळी इमारत त्यांना 'तेय्झे' म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पुढे कळले की तेय्झे म्हणजे मावशी, आणि तुर्की माणूसही आपल्यासारखाच, नात्याची नसलेल्या वडीलधाऱ्या बाईला मावशी करून टाकतो. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मावशीच झाल्या.

मावशींचे जर्मन आणि आमचे जर्मन सारखेच लंगडे. त्यामुळे संभाषण बहुधा त्यांच्या स्वयंपाकघरात, वस्तूंकडे बोट दाखवून चाले. त्यांनी खिम्याकडे बोट दाखवून 'किय्मा' म्हटले तेव्हा आम्हांला हसू आले. तो शब्द मुळात त्यांचाच आहे, बारीक चिरणे या अर्थाच्या तुर्की धातूपासून झालेला, आणि फारसीच्या खांद्यावर बसून आपल्याकडे आलेला. कोर्म्याचेही तेच, तो त्यांच्या 'कावुर्मा'चा वंशज. उलट वांग्याचा प्रवास आपल्याकडून तिकडे. त्यांचे 'पात्लिजान' फारसी 'बादिंगान'मधून आले आणि त्याच्या मागे संस्कृत 'वातिंगण' आहे असे व्युत्पत्तिकार सांगतात. शब्दांची ही देवघेव कुणी ठरवून केलेली नसते. ती चुलीपाशी होते, आणि विद्वानांच्या ध्यानात यायला मग काही शतके जातात.

प्रमाण विचारले की मावशींचे उत्तर ठरलेले असे: 'ग्योझ करारी'. डोळ्याने ठरवायचे. यातला 'करार' आपल्या ओळखीचा, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. आपल्याकडे तो दोन पक्षांत होतो, तिथे एकट्या डोळ्याचाही होतो. आम्ही ते डोळ्याचे करार एका वहीत मराठीत टिपून ठेवत गेलो. 'मिरचीचा चुरा: मुठीत मावेल त्याच्या निम्मा, मूठ त्यांची.' 'पाणी: विचारल्यावर रागावल्या. अजिबात नाही.' अशा त्या नोंदी.

मावशींचा ग्युवेच आमच्या मते अप्रतिम होता. त्यांच्या मते तो ग्युवेचच नव्हता. प्रत्येक वेळी पहिला घास घेऊन त्या मान हलवीत आणि म्हणत, 'फिरिन योक.' फिरिन नाही. तुर्कीत फिरिन म्हणजे भट्टीही आणि पावाचे दुकानही. त्यांच्या अनातोलियातल्या गावी बायका सकाळी घरी भांडे भरत, त्यावर आपली खूण करीत आणि पोराच्या हाती आळीतल्या पाववाल्याकडे धाडत. भाकऱ्या निघाल्यावर उरलेल्या धगीत ती भांडी ओळीने आत जात, दुपारी ज्याचे त्याला परत मिळत. बर्लिनच्या घरातली विजेची भट्टी मावशींच्या लेखी नुसती तापणारी पेटी होती.

म्हणजे आम्ही ज्याला मूळ समजून वहीत उतरवत होतो ते स्वतःच एक भाषांतर होते, आणि भाषांतरकर्ती त्यावर नाराज होती. स्वयंपाकाच्या इतिहासात हे काही नवे नाही. बगदादच्या मुहम्मद बिन अल-हसन या लेखकाने १२२६ मध्ये अरबीत 'किताब अल-तबीख' हे पाकशास्त्राचे पुस्तक सिद्ध केले. पंधराव्या शतकात शिरवानी नावाच्या वैद्याने ते तुर्कीत नेले, आणि नेताना स्वतःच्या काळातल्या बऱ्याच कृती त्यात घालून टाकल्या. भाषांतरकाराच्या या आगाऊपणाबद्दल अभ्यासक त्याचे ऋणी आहेत, कारण पंधराव्या शतकातले तुर्की जेवण कळते ते मुख्यतः त्या भरतीमुळे. याच अरबी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर आर्थर आर्बेरी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले, तेही कुठे, तर हैदराबादहून निघणाऱ्या 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकात. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. औरंगाबादेतल्या एखाद्या वाचकाने त्या अंकातले मांसाचे प्रकार वाचून आपल्या घरच्या खानसाम्याला काही सुचवले असेल काय, असा एक निरुपयोगी प्रश्न आम्हांला अधूनमधून पडतो. असो.

मावशी २०२१ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या नातीचे पत्र आले. आजीचे मातीचे भांडे तिच्या वाट्याला आले होते, कृती मात्र कुणाकडेच नव्हती. आजीने कधी काही लिहिले नाही. आई कामावर जाई, ती शिकली नाही. आणि नातीला शिकायची इच्छा झाली तेव्हा आजीची स्मृती गेलेली होती. 'तुम्ही वहीत काहीतरी लिहीत असायचात, असे मला आठवते,' असे तिने लिहिले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. गुणाढ्याची पैशाचीतली 'बृहत्कथा' लुप्त झाली. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या संस्कृत 'कथासरित्सागरा'सारख्या अवतारांतून तिची कल्पना करावी लागते. मूळ गेले आणि उतारा राहिला, की उताऱ्यावर अशी जबाबदारी येऊन पडते, जी उतरवून घेणाऱ्याने मागितलेली नसते. वर्गात हे सांगणे सोपे आहे. आपलीच, हळदीचे डाग पडलेली वही हा एका घराच्या चवीचा एकमेव लेखी पुरावा आहे, हे कळल्यावर मात्र माणूस गंभीर होतो. वहीतले जसेच्या तसे जर्मनमध्ये करून पाठवणे एका दिवसाचे काम होते. पण 'मूठ त्यांची' याचे जर्मन काय करायचे? ज्यांनी तो पदार्थ खाल्ला होता अशी आम्ही दोन माणसे. आमच्या जिभेला आठवण होती. तेव्हा आधी तो शिजवून, आठवणीशी ताडून, मुठींचे ग्रॅम करायचे आणि मगच कळवायचे, असे ठरले.

मांसापासूनच अडचण. तिथे कोकरू किंवा मेंढी. इथे मटण म्हटले की बोकड. पण पुण्यात राहण्याचा एक फायदा आहे. वाडेबोल्हाईच्या बोल्हाई देवीचे भक्त बोकडाचे मटण वर्ज्य मानतात आणि मेंढीचे खातात, म्हणून शहरात 'बोल्हाईचे मटण' असे फलक लावलेली दुकाने आहेत. एका देवीच्या नियमामुळे आम्हांला अनातोलियाच्या जवळपासची चरबी मिळाली. खांदा आणि मान, हाडासकट, एक किलो.

पुढचा प्रश्न साल्चाचा. टोमॅटोचा किंवा तांबड्या मिरचीचा हा दाट लगदा मीठ घालून, परातींतून, गच्चीवर, उन्हात आटवतात. मावशींकडे तो गावाहून डब्याने येई. बाजारातली टोमॅटो प्युरी त्याच्या जागी चालत नाही. तिच्यात ऊन नसते. पण ज्या समाजात 'वाळवण' हा शब्द आहे त्याला साल्चा समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलमध्ये तीन किलो टोमॅटोंचा गर गाळून, मीठ घालून, दोन स्टीलच्या ताटांत पसरून, वर जुन्या धोतराचे फडके बांधून आम्ही तो गच्चीवर ठेवला. शेजारच्या काकूंच्या कुरडया तिथेच होत्या. पाच दिवसांत अर्ध्या किलोच्याही आत, विटेच्या रंगाचा, बोटाने ओढल्यास मागे वाट ठेवणारा गोळा उरला. काकूंनी चाखून, 'साखर घातली असतीत तर पोळीशी लागला असता,' असा अभिप्राय दिला.

मसाल्यांपाशी आमच्यातले मतभेद खरे उफाळले. मावशींच्या वहीतली यादी अशी: काळी मिरी, 'पुल बिबेर' म्हणजे तेलकट, सौम्य तांबड्या मिरचीचा जाडसर चुरा, चिमूट 'येनिबहार', 'केकिक' नावाचा सुकवलेला पाला, आणि 'देफ्ने'चे एक पान. देफ्ने म्हणजे तमालपत्र, असे शब्दकोशात बघून म्हणावेसे वाटते. पण त्यांचे झाड वेगळे आणि आपले वेगळे. आपले तमालपत्र दालचिनीचे भाऊबंद, वासही तसाच. भाषांतरात ज्यांना खोटे मित्र म्हणतात त्यातलाच हा प्रकार, तो वगळला. येनिबहार म्हणजे शब्दशः 'नवा मसाला'. अमेरिकेतून आला म्हणून नवा. आपल्याकडे तो 'कबाबचिनी' म्हणून खपवला जातो, आणि खरी कबाबचिनी निराळीच असते. वास घेऊन, लवंग-जायफळ-दालचिनी एकदम आठवली तरच घ्यावा. पुल बिबेरची जागा ब्याडगी मिरचीने बऱ्यापैकी घेतली: बिया काढून, जाडसर कुटून, थोडे मीठ आणि तेल चोळून. केकिकचा उलगडा मात्र खिडकीतल्या कुंडीत झाला. ज्या पानांची आपण भजी करतो त्या ओव्याच्या पानांत आणि केकिकमध्ये वासाची द्रव्ये एकाच कुळातली आहेत. चार पाने सावलीत सुकवून चुरडली आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिले. नॉयक्योल्नचा जिना वास देत होता.

पण जिनसा मिळाल्या तरी व्याकरण राहते. मराठी हाताला मांस दिसले की तो आले-लसूण वाटायला धावतो. कांदा तांबूस करायचा, वाटण परतायचे, तेल सुटेपर्यंत थांबायचे. चव ही आपण आधी तयार करतो आणि मग मांसाला तिच्यात बसवतो. ग्युवेचमध्ये यातले काही नाही. कांदा कच्चा, मांस कच्चे, वांगी मीठ लावून कडू पाणी काढलेली, मिरच्या अख्ख्या, लसणाच्या पाकळ्या न ठेचता. सारे थरांनी रचायचे, साल्चा दोन चमचे, मसाले सगळे मिळून दोन चमच्यांच्या आत, आणि झाकण. चव नंतर, आतल्या आत, मांसाच्या स्वतःच्या पाण्यात होते. आमच्यापैकी एकाचा (कोणाचा ते सांगत नाही) हात तीनदा गरम मसाल्याच्या डब्याकडे गेला. वाचकाला कळणार नाही या धास्तीने कंसात खुलासे घालणारा भाषांतरकार आम्हांला त्या क्षणी नीट समजला.

कुकरमध्येही एकदा करून पाहिला, निव्वळ तुलनेसाठी. मांस सुरेख शिजले. वांग्याचे पीठ झाले आणि रस्सा पातळ राहिला, कारण कुकर वाफ कोंडतो. मातीचे भांडे ती थोडीथोडी सोडते. चार तासांत जे पाणी भांड्याच्या अंगातून जाते, तेवढाच त्या रश्श्याचा दाटपणा. मग कुंभारवाड्यातून रुंद तोंडाचे, जाड बुडाचे मडके आणले. रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून, आतून तेल चोळून, मंद आचेवर तीनदा तापवून ते तयार केले. झाकण म्हणून परळ. गॅसवर तवा ठेवून त्यावर हे मडके ठेवले तेव्हा पदार्थ वहीच्या पुष्कळ जवळ आला. खालून छान. वरचा थर मात्र उकडलेला, कारण ज्योत खालूनच असते. ग्युवेचला चहूबाजूंनी धग हवी, वरच्या वांग्याच्या कडा काळपट व्हायला हव्यात. छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये मडके मावेना.

मग 'फिरिन योक'चा अर्थ पुरता ध्यानात आला. आम्ही इतके दिवस हा पदार्थ 'घरच्या घरी' करू पाहत होतो, आणि तो घरचा कधी नव्हताच. त्याचा अर्धा भाग घरी होई, अर्धा आळीत. स्वतःची भट्टी पेटवणे ज्यांना परवडणारे नव्हते अशा माणसांनी पाववाल्याच्या उरलेल्या धगीवर रचलेला तो पदार्थ होता. आपल्याकडेही फार लांबची गोष्ट नाही: दिवाळीआधी तूप-साखर-मैद्याचे डबे घेऊन बेकरीत रांग लावायची आणि नानकटाई भाजून आणायची, हे आमच्या पिढीने केले आहे. पत्र्याच्या तबकात आपल्या नानकटायांवर बोटाने खूण करायची असे, कारण शेजारचे तबक तशाच नानकटायांचे.

आमच्या भागात लाकडाची भट्टी असलेली एक बेकरी अजून आहे. मुंबईत २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांवर गदा आली, त्याची चर्चा इथेही पोचली आहे, तेव्हा 'आहे' हे क्रियापद जपूनच वापरतो. तिथल्या चाचांना आम्ही बेत सांगितला. पहाटेचे पाव निघाल्यावर दुपारच्या मालापर्यंत भट्टी निवत असते, त्या वेळेत मडके ठेवता येईल का? चाचांनी आधी विचारले, किती लागेल. मग विचारले, मटण आहे का. आणि मग मुद्द्याचे विचारले: 'टोस्ट सुकायला असतात आतमध्ये. वास लागला तर गिऱ्हाईक मला विचारेल, तुम्हांला नाही. तोंड बंद करून आणता का?'

झाकणाच्या कडेने कणकेची पट्टी लावून, मडके चिंधीच्या चुंबळीवर बसवून, एका रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही ते नेले. मावशींच्या कृतीत कणीक नव्हती. दुपारी साडेबाराला लांब दांड्याच्या फळीवरून चाचांनी ते बाहेर काढले तेव्हा पट्टी बिस्किटासारखी कडक झाली होती. घरी आणून फोडली. मेंढीचे मांस हाडापासून आपण होऊन बाजूला झाले होते, वरच्या मिरच्या करपल्या होत्या, रस्सा वाटीभरच आणि चमच्याला धरणारा. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग एकजण म्हणाला की हे मावशींच्यापेक्षा चांगले झाले आहे, आणि दुसऱ्याने, तसे नातीला कळवायचे नाही, असे बजावले. एक वाडगा चाचांकडे पोचवला. त्यांनी तिखट कमी असल्याचे सांगितले आणि मडके पुन्हा कधी आणणार ते विचारले.

नातीला लिहिलेले पत्र चार पानांचे झाले. ग्रॅम आणि तास दिले. ब्याडगीचे पुन्हा पुल बिबेर केले, ओव्याच्या पानांचे केकिक, वगळलेले देफ्ने जागेवर आणले. बोल्हाईचा परिच्छेद काढावा लागला, त्याचे आम्हांला वाईट वाटले. कणकेच्या पट्टीवरून दोन संध्याकाळी वाद झाला. ती आजीची नव्हती, पण तिच्याशिवाय आमचा ग्युवेच भट्टीत गेलाच नसता. शेवटी एका ओळीत, ही पुण्यातल्या बेकरीवाल्याची अट आहे असे स्पष्ट करून, ती ठेवली.

तिचे उत्तर दीड महिन्याने आले. आजीचे भांडे घेऊन ती जवळच्या तुर्की पाववाल्याकडे गेली होती. माणूस भला होता, भट्टी गॅसची होती, आणि हो म्हणण्याआधी त्याने एवढेच विचारले, की वास तर बाहेर येणार नाही ना.